सादळलेले बिबडे

मे महिन्यात खान्देशात 'सादळणे' हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. तो श्रावणातला. सकाळी सातला गच्चीवर टाकलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, दुपारच्या चहाआधी खणखण वाजायला लागतात. आपण फक्त कावळे हाकलायला एखादं पोरगं बसवायचं, बाकी ऊन बघून घेतं. म्हणून आईने ताईकडे नेलेला बिबड्यांचा डबा तिसऱ्या दिवशी उघडला, हातात घेतलेला बिबडा मोडायच्याऐवजी वाकला, तेव्हा घरातलंच कुणी उलटून बोलावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

ताई सुरतेला असते, असं आम्ही गावात सांगतो. पण सुरतेला असणं म्हणजे आमच्याकडे उधना, लिंबायत नाहीतर पांडेसरा. तिथे भाजीवाल्याशी अहिराणीत भांडता येतं. ताईचं बिऱ्हाड आहे डुमसला, शहरापासून वीसेक किलोमीटर, थेट समुद्राच्या तोंडाशी. दाजींची नोकरी पलीकडे हजिऱ्याला, म्हणून मगदल्ल्याच्या पुलावरून ये-जा बरी पडते. डुमस आता महापालिकेच्या हद्दीत असलं तरी गल्लीत अजून गावपण आहे. डोक्यावरून मात्र विमानतळावर उतरणारी विमानं इतकी खालून जातात, की आई पहिले दोन दिवस दर विमानाला पदर सावरायची.

आम्ही अमळनेरहून पॅसेंजरने गेलो. दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. त्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे, हे आईला सांगितल्यावर तिने विचारलं, मग चहा कोणत्या भागात स्वस्त? मला उत्तर आलं नाही. एवढ्या वर्षांत हा प्रश्न आपल्याला कसा पडला नाही, याचंच मला व्यारापर्यंत वाटत राहिलं.

सत्तरीच्या आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. पोहोचल्या दिवशीच दुपारी तीनला भाचा तिला हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेला, मी मागून. समोर चिखल. राखाडी, चकचकीत, नजर जाईल तिथपर्यंत चिखल आणि त्याच्या शेवटी एक पातळ रेघ. आई थोडा वेळ शोधत राहिली आणि म्हणाली, "कोठे शे तुना समुद्र?"

"गेलाय आजी," भाचा म्हणाला, "संध्याकाळी येईल."

डॉक्टर जेवायला गेलेत म्हणावं, इतक्या सहज म्हणाला. खंभातच्या आखाताचं तोंड जवळ, त्यामुळे इथली भरती-ओहोटी जबर. ओहोटीला पाणी इतकं दूर जातं, की पाहुण्यांना फसवल्यासारखं वाटतं. चित्रातला समुद्र कायम घरी असतो, इथला कामाला जातो. ताईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर आहे. ते आईकडेही आहे, चतुर्थी-एकादशीसाठी. ताई त्यात अमावास्या-पौर्णिमा बघते ती उधाणासाठी. तेच कॅलेंडर, पण एकीकडे साबुदाणा भिजत घालायचा आणि दुसरीकडे पोरांना 'आज लांब जाऊ नका' म्हणायचं.

संध्याकाळी पाणी खरंच आलं. लाटा काही मोठ्या नव्हत्या. कुणी मोटार सोडल्यावर दांडातून पाणी सरकत यावं तसं, आवाज न करता, पण एकदम सगळ्या बाजूंनी. आईने चपला हातात घेतल्या, ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "एवढं पानी शे नि पेवाले थेंब नही!" आमच्या तालुक्यात टँकरची वाट बघून बघून वय गेलेल्या बाईचा तो खरा संताप होता. मी हसलो, पण मलाही थोडं तसंच वाटलं.

डुमसची वाळू काळी आहे. तिच्याविषयी सुरतेत भुताखेताच्या गोष्टी चालतात. इथे पूर्वी स्मशान होतं, रात्री हाका ऐकू येतात वगैरे. दाजी रंगवून सांगतात आणि रात्री स्वतः दार दोनदा तपासतात. खरं कारण वाळूतला लोहाचा अंश, आणि ते भाच्याने मला दाखवून दिलं. जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून तो वाळूतून ओढत होता. चुंबकाला काळी दाढी फुटली होती. ती बघितली आणि मी एकदम चौथीत गेलो. आम्हीही नदीच्या वाळूत हेच करायचो, असंच चुंबक, अशीच दाढी. पुडीत बांधून ठेवायचो, कशासाठी ते आता आठवत नाही. आमच्याकडचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, आणि तापी तो मुलतईपासून 724 किलोमीटर खरवडत इथे आणून टाकते. ही मूठभर वाळू आमच्याकडच्या कपिलेश्वराच्या देवळाच्या घाटाखालची असेल, असं म्हणायला मला कोणत्याही शास्त्रज्ञाची परवानगी नको होती. मी पुडी बांधली.

कारण तापी इथेच संपते, डुमस आणि हजिऱ्याच्या मधे. अंधार पडल्यावर भाच्याने पलीकडचे कारखान्यांचे आणि जहाजांचे दिवे दाखवले आणि त्यांच्या अलीकडची काळी पट्टी दाखवत म्हणाला, ती तापी. आईने लगेच हात जोडले. तिचं माहेर पांझरा जिथे तापीला मिळते त्या बाजूचं, म्हणजे ती माहेरच्याच माणसाला भेटत होती. दाजी हीच तापी रोज दोनदा ओलांडतात. "मला तर तो नुसता ट्रॅफिक वाटतो," ते म्हणाले.

मी मनात हिशेब करत होतो. आमचं पाणी आधी हतनूरला अडतं, मग उकाईला. 1972 पासून तिथे ते केवढं तरी साठून राहतं. पुढे काकरापार, आणि सुरतेतच सिंगणपोरचा बंधारा. म्हणजे मे महिन्यात आई जिला हात जोडत होती, त्या पट्टीत तापीचं पाणी कितीसं असणार? बंधाऱ्याखाली भरतीचं खारं पाणीच वर चढतं. उन्हाळ्यात तापी समुद्राला मिळायला जात नाही, समुद्रच तिला बघायला आत येतो, दिवसातून दोनदा. हे मी आईला सांगितलं नाही. नमस्कार करून झाला होता.

रविवारी किनाऱ्यावर सुरत उलटली. उंट, घोडे, भाजलेली कणसं, रताळू पुरी आणि डुमसची टोमॅटोची भजी. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी थापून, बेसनात बुडवून तळलेली. आत टोमॅटो उकळत असतो आणि घाई करणाऱ्याची जीभ दोन दिवस कामातून जाते. माझी गेली. आजूबाजूला मात्र कानाला ओळखीचं येत होतं. कुणी 'ओ भाऊ, आठे ये' म्हणत होतं, कुणी पोराला अहिराणीत दटावत होतं. आठवडाभर पॉवरलूमच्या खडखडाटात उभी राहिलेली माणसं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गप्प उभी होती. आईने मात्र सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे पाहिलेले. किनाऱ्यावरच्या घोड्याच्या बरगड्या बघून तिने मालकाला शुद्ध अहिराणीत चारापाण्याचे चार शब्द सुनावले. त्याला अक्षरही कळलं नसावं, पण त्याने घोड्याला सावलीत नेलं.

निघताना ताईने डबा परत दिला. बिबडे तसेच, मऊ. ती तळून खाईन म्हणत होती, पण आईला ते सोडवेना. घरी पोहोचलो त्याच दिवशी तिने ते गच्चीवर पसरले. दुपारपर्यंत पुन्हा खणखणीत. एक तोडून तिने मला दिला. मला उगाच जरा खारट लागला. आई म्हणाली, मीठ तिनेच घातलंय.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. वारा नव्हता. आईने घरातल्या घड्याळाकडे मान वळवली.

"उनं व्हई आते तठे पानी," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही, भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आज अजून वेळ आहे. मग आम्ही थोडा वेळ थांबलो.