प्रार्थनेच्या ग्रुपवर बाबा

नक्की कशाचा राग आलाय तेच अजून नीट कळत नाहीये, म्हणून लिहायला बसले. बाबा झोपलेत. उठले की परत सगळं सुरू होईल, तोपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं.

दादाने काल मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, प्रार्थनेच्या ग्रुपवर बाबांसाठी विनंती टाकली. प्रार्थना मागितली यात वावगं काहीच नाही, मागायलाच हवी होती, मीच कधीची मागायला हवी असं म्हणत होते. पण त्याने सगळं लिहिलं. कपडे ओले झालेले कळत नाहीत इथपासून ते परवा रात्री काय झालं तिथपर्यंत सगळं, आणि ते परवाचं तर मी त्याला फोनवर सांगितलेलं, जवळजवळ माझ्याच शब्दांत. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे? बाबांनी संडे स्कूलला शिकवलेली मुलं आहेत, ती आता आईबाप झालीत, ज्यांच्या घरची भांडणं बाबांनी बसून मिटवली ते आहेत, आणि बाबा वडील मंडळात, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांत, असताना ज्यांचं त्यांच्याशी कधी पटलं नाही तेही आहेत. सगळ्यांना आता माहितीये. खाली जोडलेल्या हातांची रांग, आमेन, आमेन, प्रभू सामर्थ्य देवो.

मी काहीच लिहिलं नाही. फोन उलटा ठेवला आणि बाबांची चादर बदलली.

मला पहिल्यांदा आठवला तो नोहा. बायबलमधल्या उत्पत्तीचा नववा अध्याय, जलप्रलय होऊन गेलाय, नोहाने द्राक्षमळा लावलाय, द्राक्षारस पिऊन तो तंबूत उघडा पडलाय. त्याचा मुलगा हाम ते बघतो आणि बाहेर येऊन दोघा भावांना सांगतो. शेम आणि याफेथ मात्र खांद्यांवर वस्त्र घेतात, पाठमोरे चालत आत जातात आणि तोंड फिरवून बापाला झाकतात. देवाने मोशेला सीनाय डोंगरावर दिलेल्या दहा आज्ञा यायला अजून खूप काळ होता, मोशे जन्मायचा होता, पण आईबापाचा मान राखणं दिसतं कसं हे मला त्या पाठमोऱ्या चालण्यात जेवढं कळतं तेवढं दुसरीकडे कुठेच कळत नाही. आणि नोहाची स्वतःची चूक होती बरं का, तो आजारी नव्हता. तरी झाकलं त्यांनी. माझ्या बाबांची तर काही चूकच नाहीये.

मग रात्री अंधारात पडल्या पडल्या वाटलं की दादा हाम आणि मी शेम. थोडा वेळ खूप बरं वाटलं त्यावर. पण ते टिकलं नाही, कारण मी पाठमोरी चालूच शकत नाही ना. मला बघावंच लागतं. कातडी लाल झालीय का, कुठे सोलवटलंय का, पाठीवर जखम धरतेय का, हे न बघता कसं कळणार. शेम आणि याफेथला एकदा झाकून बाहेर यायचं होतं. ज्यांना दिवसातून कितीदा तरी झाकावं लागतं आणि त्याआधी उघडं करावं लागतं त्यांनी मान कुठे वळवायची, हे त्या अध्यायात नाहीये. बाबा पहिले काही दिवस डोळे मिटून घ्यायचे. मी बघत होते पण ते बघत नव्हते, म्हणजे तोंड फिरवायचं काम त्यांनीच केलं. आता मिटत नाहीत. ते बरं की वाईट मला माहीत नाही.

म्हणूनच बहुतेक एवढं लागलं. मला जे बघावं लागतं ते माझ्यापाशी राहावं, घरातल्या घरात राहावं, तेवढंच काय ते माझं पाठमोरं चालणं होतं. आणि दादाला सांगणं तर भागच होतं, तो मुलगा आहे, डॉक्टरांशी तोच बोलतो, त्याला माहीत नको का?

दुसरं म्हणजे ही आज्ञा आम्ही नेहमी लहान मुलांना शिकवतो. बाबांनीच किती मुलांकडून पाठ करून घेतली असेल. निर्गम २०:१२, आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख. आमच्यात पाचवी, कॅथलिक आणि लुथेरन लोकांत चौथी, मोजणी वेगळी, आज्ञा तीच. पण सीनाय डोंगराखाली उभे होते ते सगळे काही शाळेतली पोरं नव्हती. त्याच आज्ञांमध्ये व्यभिचार करू नको आहे, खोटी साक्ष देऊ नको आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला कोण सांगेल. मोठ्या, कमावत्या, संसार असलेल्या माणसांना सांगितलंय ते, आणि त्यांचे आईबाप म्हणजे तेव्हा वाळवंटातून चालणारी म्हातारी माणसं. नीतिसूत्रे २३:२२ मध्ये तर सरळच आहे, आई म्हातारी झाली म्हणून तिला तुच्छ मानू नको. लहानपणी पाठ केलेली आज्ञा खरी लागू होते ती पन्नाशीच्या आसपास आणि तेव्हा ती कोणी पाठ करून घेत नाही.

प्रेषित पौल इफिसकरांस पत्र लिहितो तिथेही मुलांनो आज्ञा पाळा म्हणतो, ही अभिवचन असलेली पहिली आज्ञा आहे म्हणतो, आणि लगेच खाली बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. मी लहान असताना या दुसऱ्या ओवीवर बोट ठेवून बसायचे. असो. ते आता काढत नाही.

आज्ञा पाळणं आणि मान राखणं हे एकच नाही, हे मला संध्याकाळी कळतं. संध्याकाळ झाली की बाबा म्हणतात दार उघड, मला घरी जायचंय. घरीच आहात बाबा म्हटलं की चिडतात. मग तो आवाज येतो, तो जुना, ज्याच्यापुढे आम्ही तिघंही उभी राहायचो, मी सांगतोय दार उघड. आणि मी उघडत नाही. या वयात मी रोज माझ्या बापाचं ऐकत नाही आणि ते ऐकणं शक्यच नाही, रस्त्यावर गेले तर काय करतील. सुरुवातीला फार वाटायचं की हे पाप आहे का. ऑफिसातल्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीने त्यांच्या १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातला भाग वाचून दाखवला, मुलं स्वतंत्र झाली की आज्ञेत राहणं संपतं पण आदर संपत नाही, तो कायमचा असतो. तिच्याच बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे, आमच्यात ते नाही, त्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे की बापाची बुद्धी गेली तरी त्याला समजून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याला तुच्छ लेखू नको. मी दोनदा वाचायला लावलं तिला. एवढ्या जुन्या काळी कोणीतरी संध्याकाळी दार अडवून उभं राहिलं असणार त्याशिवाय हे वाक्य सुचत नाही.

तेव्हा दार न उघडताही मान राखता येतो. कसा, ते रोज वेगळं. कधी त्यांच्याबरोबर पायात चपला घालून दारापाशी बसते, कधी म्हणते थांबा, आधी प्रार्थना करून निघू, आणि प्रार्थना सुरू झाली की ते शांत होतात, आमेनपर्यंत घर विसरतात. खोटं बोलत नाही मी. निघू म्हणते आणि खरंच एक दिवस निघायचंच आहे.

पण मी परत दादावर येते. झोपेतून उठल्यावर परत तेच. ग्रुपवर कोणीतरी त्याला लिहिलंय, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. ते वाचलं आणि पोटात काहीतरी झालं. त्याच्या एवढ्या लांब मेसेजमध्ये मी नाहीये. बाबांची लाज चव्हाट्यावर आली म्हणून मला राग आला असं मी रात्रभर म्हणत होते, ते खरंच आहे, पण त्याच्या शेजारी हेही आहे, की बाबांच्या चादरी आपोआप बदलल्या जातात असं वाटावं असा तो मेसेज आहे. माझ्या बहिणीसाठी पण प्रार्थना करा, एवढी एक ओळही नाही. कोणी विचारत नाही तू कशी आहेस, विचारतात बाबा कसे आहेत, आणि मी सांगते ठीक. मी शेवटची मंडळीत जाऊन सबंध उपासनेला कधी बसले तेही आठवत नाही.

मार्क ७ काढला. प्रभू येशू परूशांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, सुनावतो ती जागा, तुम्ही म्हणता की आईबापाला जे द्यायचं ते कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण, आणि मग त्यांच्यासाठी काही करायला मोकळे राहत नाही. देवाचं नाव पुढे करून बापाला रिकाम्या हाताने ठेवायचं. मला वाटलं हेच, दादाचं हेच, प्रार्थना म्हणजे त्याचं कुर्बान. हे त्याला पाठवावं असं फार वाटलं. पण पुढे वाचत गेले आणि ते बसेना. येशू तिथे बोलतोय ते पोसण्याबद्दल, पैशाबद्दल, आईबापाला प्रत्यक्ष जे मिळायचं त्याबद्दल. आणि ते दादा देतो. औषधं त्याच्या पैशाने येतात, रात्रीची बाई ठेवली होती तिचेही पैसे त्यानेच दिले, एकदाही मागावं लागलेलं नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात मुलांनी आणि नातवंडांनी वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत म्हटलंय, त्यात कोणी चादर बदलायची आणि कोणी पैसे पाठवायचे याची वाटणी नाही. दादाला हाम म्हणता येत नाही आणि परूशीही म्हणता येत नाही. तो लांब आहे आणि घाबरलाय. त्याने बाबांना तसं कधी बघितलंच नाही, फक्त ऐकलंय, आणि ऐकलेलं जास्त भयानक वाटतं. माझ्याच तोंडून ऐकलेलं घेऊन तो प्रार्थनेकडे पळाला. हे मला आज दुपारी दिसलं, काल रात्री दिसणं शक्य नव्हतं.

राग पूर्ण गेला असं नाही. निम्मा असेल अजून.

याकोबाच्या पत्रातली ती ओवी आहे ना, तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलावणे करावे. त्याने. आजाऱ्याने स्वतः. आमच्या घरात बाबांसाठी काय मागायचं हे बाबांना कोणी विचारलंच नव्हतं, ना दादाने ना मी. सकाळी ते जरा ठीक असतात, तर आज विचारलं, बाबा, मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहे, काय मागू? मला वाटलं उत्तर येणार नाही. बराच वेळ गेला. मग म्हणाले, वाचताना ओळी सुटतात, एक वाचली की पुढची सापडत नाही. ओळी सापडू देत म्हणून सांग.

बस. कपड्यांचं नाही, रात्रीचं नाही, परवाचं नाही. ज्याची आम्हाला एवढी लाज आणि भीती ते त्यांच्या यादीतच नव्हतं. मी ग्रुपवर तेवढंच टाकलं, बाबांनी स्वतः विनंती केलीय म्हणून, त्यांच्याच शब्दांत. दादाने खाली आमेन लिहिलं सगळ्यांच्या आधी. नंतर मला वेगळा मेसेज केला, सॉरी, मी जास्त लिहिलं का. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण हो म्हटलं की तिथेच संपेल आणि मला तिथे संपवायचं नाहीये.

पाळकसाहेबांनी आई गेली तेव्हा हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतलं, म्हणजे प्रोटेस्टंट शिकवणीच्या एका जुन्या पुस्तकातलं, एक उत्तर सांगितलं होतं, १५६३ चं आहे ते. पाचव्या आज्ञेत देव काय मागतो तर आईबापाला मान, प्रेम, निष्ठा, आणि त्यांच्यातल्या उणिवा धीराने सोसणं. उणिवा आजाराच्या की स्वभावाच्या ते काही फोडून सांगितलेलं नाही. बाबांच्या बाबतीत ते वेगळे करताही येत नाहीत आता, दार उघड म्हणतात तो आजार आणि तो आवाज स्वभाव. दोन्ही सोसायचं. ठीक आहे. सोसतेय.

पण एकटीने सोसा असं कुठे लिहिलंय? वधस्तंभावर प्रभू येशूने आईला दुसऱ्याच्या हाती दिलं. योहान १९. घरी त्याचे भाऊ होते, याकोब, योसे, यहूदा, शिमोन, मार्कात नावं आहेत, बहिणीही होत्या, तरी त्याने समोर उभ्या असलेल्या शिष्याला सांगितलं, ही पाहा तुझी आई, आणि तेव्हापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. भावांना का नाही सांगितलं माहीत नाही, ते तिथे नव्हते, त्यांचा तेव्हा विश्वासही नव्हता. मी आजपर्यंत हे मरियेच्या बाजूने वाचायचे, आईची किती काळजी त्याला. आता मला त्याच्या बाजूनेही दिसतं. स्वतः करता येणार नव्हतं तेव्हा त्याने एका माणसाकडे बघून, थेट त्यालाच सांगितलं. सगळ्या गर्दीला नाही सांगितलं.

मी कधी दादाला असं थेट काही सांगितलंच नाहीये. बाबा असे झाले, बाबा तसे झाले, हेच सांगत आले आणि मनात धरून बसले की त्याला आपोआप कळावं.

तर आज रात्री फोन करणार आहे. आधी जास्त लिहिलंस का त्याचं उत्तर, हो, जास्त लिहिलंस, यापुढे बाबांना विचारून लिहायचं, मला नाही, बाबांना. थोडं भांडण होईल, होऊ दे. आणि मग दुसरं. सुट्टी काढून ये, पाहुणा म्हणून नाही, राहायला, संध्याकाळी दारापाशी तू बस आणि रात्रीची चादर तू बदल, कशी बदलायची ते मी दाखवीन. तेवढ्या दिवसांत मी रविवारी उपासनेला पहिल्या गीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत बसेन. येशील का, असं सरळ विचारणार आहे.

बाबा हाक मारतायत.