कोड तोच, बिल्ड मात्र होईना : साधने निवडतानाचा माझा अनुभव

वेब डेव्हलपमेंट शिकायला लागलो तेव्हा साधने निवडण्यातच माझे बरेच आठवडे गेले. दर काही दिवसांनी एडिटर बदलायचा, त्याला नवी एक्स्टेन्शन जोडायची आणि हातातले काम तसेच राहायचे. हा क्रम एका डिप्लॉयने, म्हणजे साइट सर्व्हरवर चढवण्याने, थांबवला. मी फक्त एका शीर्षकाचा मजकूर बदलला होता. माझ्या संगणकावर साइट व्यवस्थित चालत होती, पण सर्व्हरवर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारी साइट तयार करण्याचे काम, होतच नव्हते.

दीड दिवस शोधल्यावर कारण हाती लागले. प्रकल्पाला लागणारी तयार पॅकेजेस एनपीएम हे साधन ‘पॅकेज.जेसन’ या फाइलीतल्या यादीप्रमाणे बसवते. तिथे पॅकेजच्या आवृत्तीआधी कॅरेटचे (^) चिन्ह असेल, म्हणजे समजा ४.२.० च्या आधी ते असेल, तर एनपीएम ५.०.० च्या आतली कोणतीही नवी आवृत्ती घेऊ शकते. २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आलेली लॉक फाइल नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवते. पण ती आपोआप तयार होते, तेव्हा तिची काय गरज, असे समजून मी ती गिटमधून, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातून, वगळली होती. त्यामुळे सर्व्हरवर एका पॅकेजची माझ्याकडच्याहून नवी आवृत्ती बसली होती. आता ती प्रत्येक प्रकल्पात कमिट होते, म्हणजे गिटमध्ये नोंदवली जाते, आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालते. ही आज्ञा बसवलेल्या पॅकेजेसचे ‘नोड मॉड्यूल्स’ हे जुने फोल्डर काढून लॉक फाइलप्रमाणेच सगळे बसवते आणि ‘पॅकेज.जेसन’ आणि लॉक फाइल यांच्यात तफावत आढळली तर तिथेच थांबते. तिचे हे थांबणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

एडिटरचा प्रश्न त्यानंतर उरला नाही. फाइल सेव्ह करताना प्रिटिअर कोडची मांडणी करतो, ईएसलिंट कोडमधल्या चुका दाखवतो. एवढे जमणारा कोणताही एडिटर मला पुरतो.

छोट्या कमिटची सवय लागायला मात्र वेळ लागला. एका फॉर्ममधली जन्मतारीख काही वापरकर्त्यांना एक दिवस मागची दिसू लागली आणि ती केव्हापासून बिघडली हे कोणालाच सांगता येईना. मी ‘गिट बायसेक्ट’ सुरू केले. ते चांगला आणि बिघडलेला कमिट यांच्या मधोमध थांबून विचारते, इथे दोष आहे का, आणि प्रत्येक उत्तरागणिक शोधाचा पट्टा निम्मा करते. सुमारे २४० कमिटमधून आठ पायऱ्यांत मी सहा ओळींच्या एका बदलापाशी पोहोचलो. तिथे फक्त तारीख असलेली आयएसओ स्ट्रिंग (वर्ष-महिना-दिवस असा मजकूर) थेट ‘डेट’ला दिली होती, जावास्क्रिप्ट ती यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, मध्यरात्र धरते, म्हणून यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये आदला दिवस दिसतो. तोच बदल चाळीस फाइलींच्या ‘किरकोळ दुरुस्त्या’ नावाच्या कमिटमध्ये दडलेला असता, तर बायसेक्टने मला तिथवर आणून सोडले असते आणि खरा शोध तिथून पुढे सुरू झाला असता. तेव्हापासून मी ‘गिट अ‍ॅड’ला ‘पी’ हा पर्याय जोडून बदल तुकड्यातुकड्याने वाचतो आणि एका कमिटमध्ये एकच गोष्ट ठेवतो.

सर्वांत उशिरा ओळख झाली ती ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणाऱ्या, ब्राउझरच्याच नेटवर्क टॅबची. तिथे वेग मुद्दाम मंद केल्यावर दिसले की उत्तर येईपर्यंत ‘पाठवा’ हे बटण दाबता येतच राहते आणि एकच नोंद दोनदा जाते. पहिल्या क्लिकनंतर बटण निष्क्रिय करणे आणि सर्व्हरवरही दुहेरी नोंद अडवणे, असे दोन्ही उपाय केले. आता फॉर्म पूर्ण झाला असे कळवण्याआधी मी नेटवर्क मंद करून ते बटण घाईघाईने दोनदा दाबून पाहतो.