खाज, फॉस्फरस आणि सुका बांगडा

डायलिसिसला वर्ष होत आलं आणि पाठ खाजायला लागली. पुरळ नाही, चट्टा नाही. दिसत होते ते माझ्याच नखांचे ओरखडे. दिवस कसाबसा निघे. रात्री मात्र फणी, फूटपट्टी, दाराची चौकट, काहीही चाले. वहिनी म्हणाल्या, "रक्त बिघडलंय, कडुनिंबाच्या पाल्यानं अंघोळ करा." त्वचेच्या डॉक्टरांनी खरूज नाही हे पाहून सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी दिली. गुंगी यायची, खाज तशीच.

फिस्टुलात (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेत) सुई घालताना टेक्निशियनला दंडावरचे ओरखडे दिसले. त्याच हाताला जखम म्हणजे जंतुसंसर्गाची भीती, म्हणून त्यानं लगेच नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना बोलावलं.

"शून्य ते दहामध्ये किती खाजतं?"

"आठ."

ते म्हणाले, हे किडनीचंच दुखणं आहे. कोरडी त्वचा, वाढलेलं फॉस्फरस, अपुरं डायलिसिस, बिघडलेल्या नसा, सगळ्यांचा थोडाथोडा हात असतो.

रक्तातलं फॉस्फरस निघालं 7.2, ते 5.5च्या आत हवं. सेव्हेलामर सुरू झालं. ही गोळी जेवतानाच घ्यायची, कारण ती अन्नातलं फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवते. रिकाम्या पोटी घेऊन उपयोग नाही. फॉस्फरसपायी कोला आणि चीज सुटलं त्याचं काही वाटलं नाही. सुका बांगडा सुटला, त्याचं मात्र अजून वाईट वाटतं. आठवड्यातून दोनदा होणारं डायलिसिस तीनदा झालं, चार-चार तास.

अंघोळ कोमट पाण्यानं, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. सगळ्यात कटकटीचं हेच, पण पहिला फरक यानंच पडला.

तरीही रात्री जाग यायची, तेव्हा गॅबापेंटिन हे नसांवरचं औषध आलं: 100 मिलिग्रॅम, फक्त डायलिसिस झाल्यावर. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या अंगात साचतं. सुरुवातीला भिंत धरून चालावं लागलं. शेजाऱ्याला गुण आला म्हणून मेडिकलमधून आणून घ्यायची ही गोळी नव्हे.

आता खाजेचा आकडा तीनवर आहे, थंडीत चारवर जातो. फोटोथेरपीचंही, म्हणजे त्वचेवर अतिनील प्रकाश देण्याच्या उपचाराचंही विचारलं होतं. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा दवाखाना, म्हणजे डायलिसिस सोडून उरलेले वारही तिकडेच. तूर्त नको म्हणालो.