टॉवरआधी वटवाघळं कशाला शोधायची? तुम्ही विचारलंत म्हणून

‘एका मोबाइल टॉवरसाठी रात्र-रात्र जंगलात वटवाघळं कशाला शोधत बसता? माणसांना रेंज मिळणं महत्त्वाचं की वटवाघळं?’ हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनी विचारलाय, आणि टॉवर कंपन्यांच्या प्रकल्प व्यवस्थापकांनी तर जवळजवळ प्रत्येक कामात. विचारणाऱ्याचा सूर असा असतो, की उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे. इतकी वर्षं मी दोन वाक्यांत विषय संपवत आले. आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, मी टॉवर अडवत नाही. अमेरिकेत टॉवर उभारण्याआधी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे काही बाबी तपासाव्या लागतात. जागा पूररेषेत आहे का, पाणथळ आहे का, मूळनिवासी जमातींच्या पवित्र स्थळांना धक्का लागतो का, आणि १९७३च्या एन्डेंजर्ड स्पीशीज ॲक्टखाली, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली, नोंदलेल्या कुठल्या जिवाला किंवा त्याच्या अधिवासाला बाधा येते का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हे माझं काम. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्याच्या संगणक प्रणालीत जागेचा नकाशा टाकला, की त्या भागात असू शकणाऱ्या प्रजातींची यादी मिळते. मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघायचं. माझ्या बहुतेक अहवालांचा निष्कर्ष ‘परिणाम नाही’ असाच असतो. नांगरलेल्या शेताच्या कोपऱ्यात नाहीतर जुन्या गोदामामागे उभा राहणारा, दिवा नसलेला, एकाच खांबाचा टॉवर कुणाचंच काही बिघडवत नाही. हे मी लिहून देते आणि काम पुढे सरकतं. अशा अहवालांबद्दल मला कुणीही कधी काही विचारलेलं नाही.

आणि टॉवर म्हणजे फक्त तो खांब नव्हे. त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता असतो, विजेसाठी खणलेला चर असतो, कुंपणासाठी सपाट केलेली जमीन असते. उतारावरच्या रस्त्याची माती पावसात ओढ्यात जाते आणि तळाशी राहणाऱ्या, नोंदलेल्या शिंपल्यांवर बसते. खांब ओढ्यापासून लांब आहे म्हणून सगळं ठीक, असं मानून चालत नाही.

मग पक्षी. इथे मला माझ्याच जुन्या मताशी भांडावं लागतं. या कामात आले तेव्हा मला प्रत्येक टॉवर हा पक्ष्यांचा सापळाच वाटायचा. त्याला कारणंही होती. १९६३च्या सप्टेंबरात विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरच्या टीव्ही टॉवरखाली एका रात्रीत १२ हजारांहून अधिक मेलेले पक्षी गोळा केले गेले. जानेवारी १९९८मध्ये पश्चिम कॅन्ससमध्ये, बर्फाच्या आणि धुक्याच्या रात्री, ४२० फुटांच्या एका टॉवरपाशी लॅपलँड लाँगस्पर जातीचे ५ ते १० हजार छोटे पक्षी मेले. २०१२च्या एका अभ्यासाने अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला सुमारे ६८ लाख पक्षी टॉवरमुळे मरत असल्याचा अंदाज मांडला. पण तपशिलात गेल्यावर दिसलं, की बहुतांश मरण उंच, ताणाच्या तारांनी बांधलेल्या आणि अखंड जळणारे लाल दिवे असलेल्या टॉवरांशी होतं. रात्री स्थलांतर करणारे पक्षी ढगाळ हवेत त्या उजेडाभोवती घिरट्या घालत राहतात आणि तारांवर आपटतात. मिशिगनमधल्या अभ्यासात दिसलं, की अखंड जळणारे दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले तर मृत्यू ५० ते ७१ टक्क्यांनी कमी होऊ शकतात. २०१५च्या अखेरीस विमान वाहतूक खात्यानेही दिव्यांचे निकष त्याप्रमाणे बदलले. या बदलाने वीज वाचली आणि रेंज जराही कमी झाली नाही. दोनशे फुटांखालच्या टॉवरला सहसा दिवाच लागत नाही, म्हणून १९९ फुटांचे इतके टॉवर दिसतात. तेव्हा ‘टॉवर वाईट’ हे माझं जुनं मत मी सोडलं. कसला टॉवर, किती उंच, कुठे आणि कसा उजळलेला, हे बघायला हवं.

पण कायद्यातल्या फटीबद्दलही बोललं पाहिजे. स्थलांतरित पक्ष्यांसाठी स्वतंत्र पर्यावरण मूल्यांकन बंधनकारक झालं ते ४५० फुटांवरच्या टॉवरांना. कॅन्ससचा तो टॉवर ४२० फुटांचा होता. आणि लाँगस्पर काही धोक्यातल्या यादीत नाहीत. म्हणजे माझ्या प्रश्नावलीतून तो टॉवर सहज सुटला असता. ‘मांजरं याहून कितीतरी जास्त पक्षी मारतात’ हे उत्तर मला तोंडपाठ आहे, आणि आकड्यापुरतं ते खरंही आहे. मात्र टॉवरवर मरणारे पक्षी ठरावीक जातींचे असतात, निम्म्याहून अधिक तर वॉर्ब्लर नावाचे चिमुकले पक्षी. संवर्धनाची काळजी असलेल्या १३ जातींमध्ये दरवर्षी एकूण संख्येच्या १ ते ९ टक्के पक्षी यातच जातात, असा अंदाज आहे. तेव्हा सगळ्या पक्ष्यांची एकच बेरीज मांडून हा प्रश्न मिटत नाही.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला सोडत नाहीत. ज्यांना आपल्या घरासमोर टॉवर नको असतो, ते येऊन सांगतात, ‘रेडिएशनने पक्षी मरतात असं लिहा ना.’ मी लिहीत नाही. टॉवरखाली पक्षी मेलेले सापडले ते आपटून. दुर्मिळ जीव ही कुणाच्या तक्रारीला लावायची ढाल नाही. तेही मग नाराज होऊन जातात.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा प्रश्न मला आता हसण्यावारी नेता येत नाही.

ॲपलेशियन डोंगरांतल्या एका खोऱ्यात कुठल्याच कंपनीची रेंज नव्हती. खोऱ्यावरच्या डोंगरधारेवर टॉवर होणार होता. कंपनीने जागेचा भाडेकरार हिवाळ्यातच केला होता, झाडं तोडणारा कंत्राटदार जूनसाठी ठरला होता, आणि मला फोन आला मेमध्ये. जागा म्हणजे ओक आणि हिकरीचं जुनं रान. तिथे नॉर्दर्न लाँग-इअर्ड बॅट असण्याची शक्यता होती. हे वटवाघूळ हिवाळा गुहांमध्ये काढतं आणि उन्हाळ्यात सुटलेल्या सालींखाली, झाडांच्या ढोल्यांमध्ये राहतं. माद्या एकत्र जमतात आणि प्रत्येकीला वर्षाला एकच पिल्लू होतं. २००६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत व्हाइट-नोज सिंड्रोम नावाचा बुरशीचा रोग पहिल्यांदा नोंदला गेला, आणि तो पोचला त्या वस्त्यांमध्ये या जातीची संख्या ९७ ते १०० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. २०२३च्या मार्चअखेरीपासून ती कायद्याच्या यादीत ‘एन्डेंजर्ड’, म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यातल्या, गटात आली. हा प्रसंग त्यानंतरच्या उन्हाळ्यातला.

आम्ही आधी वटवाघळांचे आवाज टिपणारी यंत्रं लावली, मग जाळी. जाळ्यात एक मादी सापडली, पिल्लाला पाजणारी. तिच्या पाठीवर ट्रान्समीटर चिकटवून तिचा माग काढला, तर ती जाऊन बसली तोडायच्या पट्ट्यातल्याच एका हिकरीवर. संध्याकाळी त्या खोडातून एकामागून एक वटवाघळं बाहेर पडताना आम्ही मोजली. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. झाड पाडलं असतं तर ती त्याच्याबरोबर गेली असती. मी शिफारस केली, की तोड नोव्हेंबरच्या मध्यानंतर, वटवाघळं गुहांत गेल्यावर करावी. धारेच्या खालच्या अंगाला एक कुरण होतं, तिथे एकही झाड तोडावं लागलं नसतं. तेही सुचवलं. पण तिथून सगळ्या खोऱ्यात रेंज पोचवायला टॉवर उंच करावा लागणार होता, म्हणजे दिवे आले. शिवाय नवा करार, मातीची चाचणी, मालकीची कागदपत्रं यात नोव्हेंबर उजाडलाच असता. कंपनीने थांबायचं ठरवलं.

सप्टेंबरात त्या खोऱ्यात एका शेतकऱ्यावर ट्रॅक्टर उलटला. शेत घरापासून लांब होतं आणि ते संध्याकाळपर्यंत कुणाला दिसले नाहीत. त्यांच्या मोबाइलवर ९११ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, लावलेले कॉल होते. एकही लागला नव्हता.

ऑक्टोबरात स्थानिक मंडळाची बैठक होती, आणि टॉवरला उशीर का झाला ते सांगायला मला बोलावलं होतं. त्या शेतकऱ्याची मुलगी आली होती. तिने आरडाओरडा केला नाही. ती पुढे आली, वडिलांचा फोन माझ्या हातात दिला आणि कॉलची यादी उघडून दाखवली. मग म्हणाली, ‘माझे वडील किती वेळ फोन लावत होते, ते मला माहीत आहे. तुम्ही त्या वटवाघळांना किती महिने दिलेत, ते तुम्ही सांगा.’

मी सांगितलं. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत.

माझ्याजवळ एक वाक्य तयार होतं. कंपनीच्या वेळापत्रकात टॉवर ऑगस्टअखेर सुरू होणार होता, पण अशी वेळापत्रकं क्वचितच पाळली जातात, वीजजोडणीच महिना-महिना रखडते. सप्टेंबरात टॉवर चालू असताच असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. हे सगळं खरं होतं. मी ते बोलले नाही, आणि न बोलले ते बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं. बैठकीनंतर प्रकल्प व्यवस्थापक म्हणाला, ‘तुम्ही फक्त शिफारस केलीत, निर्णय आमचा होता.’ तो चांगुलपणाने म्हणाला, पण त्याने मला दिलासा मिळाला नाही. ती शिफारस न मानता पुढे जाणं कंपनीला जवळजवळ अशक्य होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तेव्हापासून मी हिशेब वेगळा मांडते. तपासणीने घेतलेला वेळ एवढासाच असतो. खरा वेळ जातो तो प्रश्न उशिरा विचारल्यामुळे. आदल्या हिवाळ्यात, करारावर सही होण्याआधी कुणी मला नकाशा पाठवला असता, तर झाडं मार्चअखेरीच्या आत तोडता आली असती, किंवा कुरणाचा नीट विचार झाला असता. टॉवर उन्हाळ्यातच उभा राहिला असता आणि वटवाघळांनी दुसरं झाड शोधलं असतं. ‘आधी तपासा’ यातल्या ‘आधी’चा अर्थ यंत्रं येण्याआधी, असा लावला जातो. तो जागा निवडण्याआधी असा लावायला हवा. हे मी कंपन्यांना सांगते. काही ऐकतात. बाकीच्यांचं म्हणणं असतं की करार हातात नसताना अभ्यासावर खर्च कोण करणार, आणि त्यांचा हा मुद्दाही मला अगदीच खोटा म्हणता येत नाही.

पण मी हे सांगते तेव्हा मला स्वतःचाच संशय येतो. हा हिशेब मी त्या मुलीसाठी मांडते की माझ्यासाठी? दोष वेळापत्रकावर ढकलला की मला झोप लागते, म्हणून तर नाही? कारण लवकर विचारलं तरी कधीकधी उत्तर ‘थांबा’ असंच येणार. ज्या खोऱ्यात दुसरी जागाच नाही आणि एकाच धारेवर रान आहे, तिथे कुणाला तरी वाट पाहावीच लागेल. आणखी एक गोष्ट तुम्ही विचारत नाही, पण विचारायला हवी. माझे पैसे टॉवर बांधणारी कंपनीच देते. नियमांनी तपासणीची पहिली जबाबदारी तिच्यावर टाकली आहे, आणि ती माझ्यासारखीला नेमते. मी कधी अहवाल वाकवलेला नाही. पण लोकांनी केवळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा, अशी ही व्यवस्था आहे, आणि मला ती पसंत नाही.

तो टॉवर पुढच्या वसंतात सुरू झाला. खोऱ्यात आता फोन लागतात. त्या उन्हाळ्यात ती मादी आणि तिच्याबरोबरच्या माद्या जवळच्याच दुसऱ्या हिकरीवर उतरल्या का, हे बघायला कुणी पैसे दिले नाहीत, कारण टॉवर उभा राहिला की माझं काम संपतं. मी स्वतःच्या खर्चाने जायला निघाले होते, पण जमीनमालकाने परवानगी दिली नाही. तो त्या शेतकऱ्याचा शेजारी होता.

तेव्हा ‘माणसं महत्त्वाची की वटवाघळं’ असं मला पुन्हा विचारलंत, तर माझ्याकडे तुम्हाला हवं तसं एका ओळीचं उत्तर नाही. तीच धार, तीच हिकरी आणि तोच मे महिना पुन्हा आला, तर मी पुन्हा नोव्हेंबरच लिहीन. त्या मुलीसमोर उभं राहून हे मला म्हणता येईल का? अजून तरी नाही.