बडोद्याची सुट्टी आणि ग्रिमेंत्सचं कुलूप

बडोद्यात शाळांना मोठी सुट्टी दोनदा लागते, मेमध्ये आणि दिवाळीला. आल्प्समधली गावं आवराआवर करून बसतात तीही साधारण याच दोन वेळांना. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातलं, फ्रेंच बोलणारं ग्रिमेंत्स घ्या. उंची सुमारे १,५७० मीटर, म्हणजे अबूच्याही वर. मेमध्ये गावाजवळचा बर्फ स्कीच्या कामाचा उरत नाही, आणि वरच्या पायवाटा अजून त्याखालीच असतात. रोपवे तपासणीसाठी थांबवतात, हिवाळाभर राबलेले हॉटेलवाले स्वतःच सुट्टीवर जातात. १४८ मीटर उंचीच्या म्वारी धरणाकडचा रस्ताही बंद. हिरव्या कुरणांचे फोटो बघून बुकिंग करणाऱ्यांची फजिती होते ती इथे.

तेव्हा जूनचा शेवटचा आठवडा धरा आणि मुलांची दहा दिवस शाळा बुडू द्या. याच सुमारास एरांस जातीच्या काळ्या, ठेंगण्या गाई वरच्या कुरणांवर चढवतात. कळपात मोठी कोण हे त्या शिंगाला शिंग भिडवून आपसांतच ठरवतात, माणूस फक्त बघतो. सप्टेंबरचा उत्तरार्धही छान, पण नवरात्र सोडून कोण बडोदेकर निघणार!

जिनिव्हा विमानतळावरून सिएरपर्यंत रेल्वे, साधारण दोन तास. पुढे पिवळी पोस्ट-बस, व्हिसोआला बदलायची. शेवटची बस किती वाजता ते आधी बघा, चुकली तर टॅक्सी खिसा रिकामा करते.

शॅले, म्हणजे भाड्याचं लाकडी घर, बहुधा शनिवार ते शनिवार मिळतं. भाड्याशिवाय साफसफाई, कधी चादरी-टॉवेल आणि माणशी दर रात्रीचा पर्यटक कर वेगळा पडतो. उन्हाळ्यात मुक्कामी पाहुण्यांना खोऱ्यातल्या बससाठी पास मिळतो, तो मागून घ्या. कचरा मात्र कर भरलेल्या विकतच्या पिशवीतच टाकायचा.

स्वयंपाकाचं आधी ठरवा. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्या, पण सपाट बुडाचा आणि स्टीलचा; शेगडी इंडक्शनची निघाली तर अ‍ॅल्युमिनियमचा तापणारच नाही. तूप, पेढे, श्रीखंड घरीच ठेवा. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. तेलावरचे खाखरे आणि चिवडा खुशाल भरा.

गावात बघायचं ते लार्चच्या लाकडाचं जुनं धान्यकोठार, राकार. उन्हाने ते जवळजवळ काळं पडलेलं असतं. ते खांबांवर उभं असतं, आणि प्रत्येक खांब व कोठार यांच्यामध्ये एक रुंद, चपटा, गोल दगड ठेवलेला असतो. उंदीर खांब चढतो, पण दगडाच्या बाहेर आलेल्या कडेखाली अडतो. उलटं लटकून पुढे जाणं त्याला जमत नाही. आत राय हे गव्हासारखं धान्य साठवत. व्हालेच्या प्रमाणित राय-पावात आजही किमान ९० टक्के पीठ रायचंच लागतं.

राक्लेत म्हणजे चीजच्या अर्ध्या चाकाचा वितळलेला थर, उकडलेला बटाटा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी. ताटात मांस नसलं तरी व्हालेचं अस्सल राक्लेत वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. कट्टर शाकाहाऱ्यांनी बटाटा-काकडीवर भागवावं, किंवा दुकानात वनस्पतिजन्य रेनेटचं चीज विचारावं. आत शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग विचारायचं.