धनगरवाड्यावरचं मुलांचं शिबिर: ‘अर्ध्या तासाची’ चढण आणि पुढच्या तुकडीसाठी सूचना

गाडी वाड्याच्या दारापर्यंत जाते, हे खोटं आहे. फोनवर आम्हाला ते दोनदा सांगितलं गेलं. निघायच्या आदल्या रात्री मी पुन्हा विचारलं तेव्हा दाराची ‘अर्ध्या तासाची चाल’ झाली. प्रत्यक्षात ओढ्यापासून वाडा गाठायला आम्हाला दोन तास चाळीस मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजलेत. पुढच्या महिन्यात जे जाणार आहेत त्यांनी हाच आकडा धरावा, दुसऱ्या कुणाचा नको.

आम्ही सैन्यातून निवृत्त झालेले तिघे नर्सिंग असिस्टंट आणि आमचे डॉक्टरसाहेब. सोबत आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशा सेविका, म्हणजे आमच्या आशाताई. वाडा गगनबावडा तालुक्यातला. मुलांच्या तब्येतीचा विषय आहे म्हणून नाव लिहीत नाही; जाणाऱ्यांना ते माहीत आहे.

कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवरनं पहाटेची एसटी धरली. कळे, साळवण, मांडुकली. मोठ्या पावसात मांडुकलीला रस्त्यावर पाणी येऊन वाहतूक बंद पडते, तेवढी चौकशी करून निघा. बाकी रस्ता सरळ आहे. पुढं जीपवाल्यानं आठशे ठरवून दोन हजार घेतले आणि ओढ्याच्या अलीकडंच उतरवलं. ‘चढ सुरू झाला की गाडी थांबती, साहेब,’ म्हणाला. चढ सुरू होतो हे त्याला आधीही माहीत होतं. पैसे अर्धे आधी, अर्धे परत आल्यावर, हे गाडीत बसण्यापूर्वी बोलून घ्या.

आता ती चढण. ओढा ओलांडला की पहिली वीस मिनिटं पाणंद आहे, ती सोपी. मग जांभ्याच्या पायऱ्यांसारखी वाट सुरू होते. त्या पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि शेवाळाखाली पाणी वाहतंय. मधे एका जागी वाट पाऊलभर रुंद होते. उजवीकडं कारवी, डावीकडं काहीच नाही. पाठीवरचं वजन तिथं मागं ओढतं. माझ्याकडं अठरा किलो होतं. मी त्या जागी खोकं उतरवलं, दोघांनी हातोहात वर दिलं, मग मी चढलो. सप्टेंबर संपत आला होता तरी जळवा होत्या. मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. गमबूट घालू नका. शांतिसेनेत असताना दक्षिण सुदानमध्ये मलाकालला आम्ही पावसाळाभर गमबूट वापरले. तिथली माती आमच्या शिरोळसारखी काळी, चिकट. बूट त्यात रुततो पण घसरत नाही. इथं जांभ्यावर तोच बूट साबणासारखा सरकतो. खिळ्यांच्या तळव्याचे साधे प्लॅस्टिकचे बूट घ्या, शेतात घालतात ते.

धापा टाकत वर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि वाड्यावर मुलंच नव्हती. म्हशी घेऊन आया रानात, थोरली पोरं त्यांच्याबरोबर, तान्ही पाठीशी बांधलेली. एक आजी दारात बसून होत्या. ‘आता व्हय येत्यात? दिस बुडाल्यावर येतील की बाबा,’ म्हणाल्या. शिबिराची वेळ अकरा ते दोन ठरवणाऱ्यानं या आजींना एकदा विचारलं असतं तर पुरलं असतं.

सिस्टरांच्या खांद्याला लसीचा कॅरिअर, म्हणजे लस थंड ठेवायचा डबा होता, आत चार आइसपॅक. गोवर-रुबेलाची कुपी एकदा पाण्यात मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. मुलं समोर नसताना ती फोडायची नाही म्हणजे नाही. सिस्टर दोन तास थांबल्या आणि लस तशीच थंड ठेवून खाली गेल्या. त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. आमच्यातल्या एकानं ‘एवढं आणलंय तर दोघांना तरी देऊ’ असा आग्रह धरला. तसा कुणी धरू नका.

आम्ही मुक्काम केला. रात्री आठ आणि सकाळी सहा, या दोन वेळांत एकोणीस मुलं तपासली. सकाळच्या दोन तासांत जेवढं काम झालं तेवढं दिवसभराच्या शिबिरात झालं नसतं. ताकाबरोबर भाकरी मिळाली, झोप लागली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दंडाचा घेर मोजायची पट्टी सगळ्यांत उपयोगी ठरली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. दोन वर्षांची एक मुलगी ११.२ भरली. नुसत्या डोळ्यांना ती बारीक पण धडधाकट वाटत होती. आणि एक आठ महिन्यांचं बाळ. आई म्हणाली, सर्दी आहे. मी पूर्ण एक मिनिट श्वास मोजले: ५८. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला पन्नास किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया धरायचा. एक ते पाच वर्षांत हाच आकडा चाळीस. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळ रडत असताना मोजू नका. बरगडीखाली छाती आत ओढली जात होती. डॉक्टरसाहेबांनी औषधाचा पहिला डोस दिला आणि त्या बाळाला खाली न्यायचं ठरलं.

त्या वाटेबद्दल एवढं का लिहितोय ते इथं सांगतो. ती आई बाळ पोटाशी बांधून अनवाणी उतरली. त्या अरुंद जागी मी हात पुढं केला, तिनं धरला नाही, कारण तिला दोन्ही हात बाळासाठी हवे होते. उतरायला पाऊण तास. मला मागं राहायला झालं. वाड्यावरचं प्रत्येक आजारी मूल याच वाटेनं खाली येतं, आणि आम्हाला फोनवर ती अर्ध्या तासाची सांगितली होती.

सामानाचं स्पष्ट सांगतो. टॉनिक आणि कॅल्शियमच्या काचेच्या बाटल्या नेऊ नका. वजन त्यांचंच होतं आणि गरज कुणालाच नव्हती. उंची मोजायची लाकडी फळीही नको. ओआरएस, झिंकच्या गोळ्या, दंडाच्या पट्ट्या, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक लिटरची रिकामी बाटली एवढं न्या. बाटली यासाठी, की ओआरएसची पुडी एक लिटर पाण्याची असते आणि घरातला तांब्या केवढा ते कुणी मोजलेलं नसतं. आईला तिच्याच भांड्यात खूण करून द्या. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस, हे तिच्याकडून परत वदवून घ्या.

मलाकालला आमच्या हॉस्पिटलचं पहिलं काम शांतिसेनेच्या जवानांचं. स्थानिक मुलांसाठी अधूनमधून शिबिरं व्हायची, शिल्लुक आणि नुएर बोलणारे दुभाषे घेऊन. डिसेंबर २०१३ च्या लढाईनंतर हजारो माणसं तळाच्या आश्रयाला आली होती. शिबिरात एका दिवसात खूप मुलं बघायचो, औषध द्यायचो, निघायचो. एका मुलाचा दंड असाच बारीक होता. आम्ही पुन्हा तिथं गेलो तेव्हा ते कुटुंब कुठं होतं कुणालाच सांगता येईना. ते मूल माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आमच्या आर्मी मेडिकल कोअरची ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात गेली, तिनं जवानांबरोबर तिथल्या नागरिकांवरही उपचार केले, आणि ती तीन वर्षांहून जास्त काळ तिथं राहिली. मला त्यातलं राहणं मोठं वाटतं. तेव्हा एका दिवसाचं शिबिर घेऊन फोटो काढायचे असतील तर या वाड्यावर जाऊच नका.

आम्ही पंधरा दिवसांनी परत गेलो. आशाताईंनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता. पहाटे पाचला ओढा ओलांडला, वजन निम्मं, एक तास पन्नास मिनिटांत वर. आजींनी पोरं रानात जाऊ दिली नव्हती. सिस्टरांनी तिथंच कुपी फोडली आणि सात मुलांना लस मिळाली. खाली नेलेलं बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं, श्वास ३६. मला एवढा आनंद झाला की मी दोनदा मोजले. बारीक दंडाच्या त्या मुलीच्या घरचे मात्र पोषण पुनर्वसन केंद्रात यायला अजून तयार नाहीत. म्हशी कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. दंड ११.४ आहे. आशाताई दर आठवड्याला मोजतात.

पुढच्या तुकडीनं आधी त्याच घरी जावं. टांगायचा वजनकाटा आजींच्या पडवीत ठेवलाय, तो खालून नेऊ नका.