पाणी सारखंच, पीक वेगळं

टोमॅटोच्या त्या प्लॉटमधला फरक बांधावरूनच दिसत होता. अर्ध्या रानात चंदेरी मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकणारा प्लॅस्टिकचा कागद, आणि उरलेल्या अर्ध्यात उघडे गादीवाफे, कारण पेपर कमी पडला होता. रोपं एकाच लॉटची, लागवड एकाच दिवशीची, ठिबकही तेच. तरी माना टाकल्या होत्या त्या पेपरवरच्या झाडांनी. खालची पानं पिवळी पडलेली, फुलं गळून पेपरवर आलेली. उघड्या वाफ्यातली झाडं मात्र तणात उभी असूनही हिरवीगार होती.

"साहेब, जिथं खर्च केला तिथंच पीक बसलं," प्लॉटवाल्या शेतकरी ताई म्हणाल्या. "हा कागद मी काढूनच टाकते."

मर, म्हणजे झाड कोमेजून मरण्याचा रोग, समजून त्यांनी आधीच बुरशीनाशकाची आळवणी केली होती, म्हणजे औषधाचं पाणी झाडांच्या बुडाशी ओतलं होतं. शंका रास्तच होती. दुपारी कोमेजायचं आणि संध्याकाळी थोडं सावरायचं, हे लक्षण मर रोगाच्या सुरुवातीलाही दिसतं. म्हणून एक झाड उपटून त्याचं खोड बुडापासून उभं चिरलं. फ्युजॅरियम बुरशीची मर असती तर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या असत्या. खोड आतून स्वच्छ निघालं. मुळ्या मात्र तपकिरी झाल्या होत्या, चिमटीत धरून ओढलं की त्यांची साल सुटून येत होती. पांढरी मुळी शोधूनही सापडेना.

मग पेपरच्या भोकातून हात घालून वीतभर खालची माती काढली आणि मुठीत दाबली, तर बोटांच्या फटीतून चिखल बाहेर आला. उघड्या वाफ्यातल्या मातीचा गोळा झाला आणि अंगठा लावताच फुटला. तिथं छान वाफसा होता, म्हणजे मातीत ओलही होती आणि हवाही. दोन्ही माती ताईंच्या हातात दिल्या.

"पण पाणी तर दोन्हीकडं सारखंच सोडतो आम्ही!"

रोग काही नव्हता, हे सारखं पाणीच नडलं होतं. ड्रिपरखाली बाटली धरली, 15 मिनिटांत अर्धा लिटर पाणी जमलं, म्हणजे तासाला 2 लिटर. ठिबक रोज दीड तास चालत होतं, म्हणजे झाडामागे 3 लिटर. उघड्या वाफ्यात त्यातलं बरंचसं ऊन आणि तण पिऊन टाकतं. पेपरखाली ती वाटच बंद होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 1998 सालच्या 56 क्रमांकाच्या सिंचन पुस्तिकेत याचे आकडे आहेत. प्लॅस्टिक आच्छादनाखाली मातीतून होणारं बाष्पीभवन 50 ते 80 टक्क्यांनी घटतं. प्लॅस्टिकवरची उष्णता लागून झाडं पानांवाटे जास्त पाणी सोडतात, तरीही पिकाची एकूण गरज सरासरी 10 ते 30 टक्क्यांनी उतरते. म्हणजे इथं 2.1 ते 2.7 लिटर पुरलं असतं. वरचं पाणी त्या भारी जमिनीत रोज साचत गेलं आणि मातीतली हवा संपली. प्राणवायू नसला की मुळी पाणी उचलू शकत नाही, त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाडही सुकतं. आळवणीनं त्यात आणखी पाण्याची भर पडली.

पेपर किती मायक्रॉन जाडीचा घ्यायचा, चंदेरी बाजू वर का ठेवायची, हे सगळं ताईंना पेपर घेताना सांगितलं गेलं होतं. पाणी किती कमी करायचं, यावर एक शब्द नाही. मला याचा मनापासून राग येतो. पाण्याचं वेळापत्रक न देता पेपर देणं म्हणजे शेतकऱ्याला अर्धंच तंत्र देणं आहे.

पेपरच्या बाजूचं पाणी त्याच दिवशी थांबवलं. वाफसा आल्यावर तिथल्या लॅटरलना, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना, वेगळा व्हॉल्व्ह बसवला. रोज हात घालून माती बघायची आणि मगच व्हॉल्व्ह उघडायचा, एवढंच ठरवलं. नवी पांढरी मुळी दिसेपर्यंत विद्राव्य खतही सोडलं नाही. काही झाडं गेली, बहुतेक सावरली.

पैशाचा हिशोब मात्र सरळ नाही. पहिला बहर गळाला होता, त्यामुळे पेपरवरचे सुरुवातीचे तोडे हलके निघाले आणि ते नुकसान काही भरून आलं नाही. पुढं चित्र पालटलं. उघड्या बाजूला खुरपणीची मजुरी पुन्हा पुन्हा लागत राहिली, पाण्याला खंड पडला की फळं तडकत होती आणि खालच्या फळांवर माती उडत होती. पेपरवरची फळं स्वच्छ आणि एकसारखी होती. तोडणीनंतर प्रतवारी करताना बाजूला काढावी लागणारी फळं तिथं फारच थोडी निघत. पंपही कमी वेळ चालत होता. ताईंनी दोन्ही बाजूंचे तोडे वेगवेगळे लिहून ठेवले आहेत. पुढच्या लागवडीला सगळ्या रानावर पेपर अंथरायचा की नाही, हे त्या वहीतून ठरवणार आहेत.